उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच क्लिनिकल ट्रायलसाठी विचारलं, तर नाही म्हणता येतं का?

हो, म्हणता येतं. क्लिनिकल ट्रायल म्हणजे नव्या औषधाची किंवा उपचाराची माणसांवर घेतली जाणारी चाचणी. वडिलांवर ज्यांचे उपचार चालू आहेत त्याच डॉक्टरांनी विचारलंय, मग नकार कसा द्यायचा, हा तुमचा संकोच मला चांगला कळतो. कॅन्सर वॉर्डात सिस्टर म्हणून मी तो कितीतरी चेहऱ्यांवर पाहिलाय.

एक आजोबा होते. ट्रायलच्या संमतीचा फॉर्म वाचून दाखवला, "समजलं ना?" विचारलं, की "हो." सगळेच हो म्हणतात. म्हणून मी विचारलं, "घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?" तर म्हणाले, "भारी औषध फुकटात मिळणारे." नवं औषध मिळणार की नेहमीचं, हे चिठ्ठी उचलल्यासारखं ठरणार होतं, डॉक्टरांच्या हातात ते नव्हतं. आजोबांना वाटत होतं, साहेबांनी आपल्यासाठी चांगलं ते निवडलंय. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पुन्हा बसून समजावलं, कागद घरी न्यायला दिले. दोन दिवसांनी आजोबा मुलाला घेऊन आले आणि आधी हेच विचारलं, "मधेच सोडलं तर इथले उपचार बंद होणार का?" (होत नाहीत.) तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या एका ठिकाणी अंगठा घेऊन झाल्यावर मला हाक आली, "सिस्टर, साक्षीदार म्हणून सही करा." मी केली नाही. रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार समजावण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर लागतो. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्ममला २००९ मध्ये मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून बचाव करणारी) देण्याच्या प्रकल्पात काय झालं ते विसरू नये. आंध्रातल्या ९५४३ संमतीच्या फॉर्मपैकी २७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. मुलींना सांभाळणारी माणसं होती ती, पण आईबापांच्या वतीने हो म्हणायचा हक्क त्यांना कुणी दिला होता?

हेच घरच्यांनाही लागू. वडील शुद्धीत आहेत, त्यांना समजतंय, तर निर्णय त्यांचा. तुम्ही सोबत बसा. माहितीपत्रक मराठीत मागा, सही केलेली प्रत घ्या, त्यावर एथिक्स कमिटीचा (सहभागी रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीचा) संपर्क असतो. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचारांचं काय, नाही म्हटलं तर कुठले उपचार मिळतील, हे स्पष्ट विचारा.

आणि आज जेवताना वडिलांना सहज विचारा, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले?" उत्तरात फक्त "चांगलं औषध आहे" एवढंच आलं, तर उद्या सही करू नका, पुन्हा वेळ मागा.