नाथषष्ठीच्या व्हिडिओला क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत लावून यूट्यूबवर जाहिराती चालू करता येतील का?

हो, येतील. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) म्हणजे कलाकाराने आपली कृती ठरावीक अटींवर इतरांना वापरू देण्याचे तयार परवाने. पण त्या संगीताचा परवाना ‘सीसी बाय’, म्हणजे ‘श्रेय द्या आणि वापरा’, असला तरच निर्धास्त राहा. पुढे ‘एनसी’ (व्यावसायिक वापराला मनाई) दिसलं, तर जाहिरातींच्या व्हिडिओला ते लावू नका. ‘एनडी’ (बदलाला मनाई) तर मुळीच नको: परवान्याच्या मजकुरातच म्हटलंय की चित्रासोबत जुळवून लावलेलं संगीत म्हणजे मूळ कृतीत केलेला बदल, आणि बदललेलं पुढे वाटायला एनडीत मनाई आहे. व्हिडिओखाली संगीताचं नाव, कलाकार, मूळ लिंक आणि परवान्याची लिंक द्या. नुसतं ‘संगीत: इंटरनेटवरून साभार’ चालत नाही, कलाकाराला श्रेय तेवढंच तर मिळतं.

मात्र मागे एकनाथांचं भारूड वाजणार असेल तर थांबा. शब्द चारशे वर्षांपूर्वीचे, ते सगळ्यांचे. पण कुणा गायकाचं रेकॉर्डिंग भारतात प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राखीव असतं. पैठणला गेलाच आहात तर एखाद्या दिंडीतल्या मंडळींना विचारून, टाळ-पखवाजासकट त्यांचंच गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. मला हेच सगळ्यात चांगलं वाटतं. त्यांचा लेखी होकार मात्र घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.