विहीणबाईंना ‘यावं’ कसं म्हणायचं?

प्रश्न : मुलाचं लग्न इटलीतल्या तोरिनोच्या मुलीशी ठरलंय. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला व्याही-विहीणबाईंनी यावं, नंदीध्वज बघावेत, असं पत्र मला स्वतः लिहायचं आहे. मी ‘वोल्यो वेनीरे’ लिहिलं. मुलगा म्हणतो, याचा अर्थ ‘मला यायचंय’ असा होतो. मग बरोबर काय? – एक वाचक, मुरारजी पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, पत्र स्वतः लिहिताय याचा मला फार आनंद झाला. मुलाचं बरोबर आहे. इच्छा आपली आणि कृतीही आपलीच असेल, तर इटालियनमध्ये मूळ क्रियापद चालतं. इच्छा माझी आणि यायचं दुसऱ्याने, असं झालं की मध्ये ‘के’ येतो आणि पुढचं क्रियापद वेगळं रूप घेतं : ‘वोल्यो के तू वेंगा’, तू यावंस अशी माझी इच्छा आहे. आपणही ‘मला यायचंय’ आणि ‘तू यावंस’ यांत रूप बदलतोच की! मी, तू, तो या तिघांनाही ‘वेंगा’ हेच रूप लागतं, म्हणून ‘तू’ गाळू नये, नाहीतर कोणी यायचं ते कळत नाही.

पण विहीणबाईंना ‘वोल्यो’ लिहू नका. त्यात हट्ट ऐकू येतो, लेकराला म्हणावं तसा. तिथे ‘वोर्रेइ’ हवं, म्हणजे ‘मला आवडेल’. ते आलं की पुढचं रूपही भूतकाळी वळणाचं होतं, ‘वेंगा’चं ‘वेनिस्से’. यायचं पुढच्या संक्रांतीला आणि रूप भूतकाळी, इथे माझे विद्यार्थी हमखास अडखळतात. तरी हे घोकाच, कारण पाहुण्यांना बोलावण्यातलं सगळं आर्जव या एका रूपात आहे. दोघांना मिळून लिहायचं तर : ‘वोर्रेइ के वेनिस्ते आ सोलापूर.’

खुशाली विचारताना ‘स्पेरो के स्त्याते बेने’ लिहा, तुम्ही बरे असाल अशी आशा आहे. प्रवास सुखाचा होवो म्हणायला ‘स्पेरो के इल व्याज्जो वादा बेने’. त्यांचं येणं पक्कं झालं, की मात्र ‘सो के वेनीते’, तुम्ही येताय हे मला माहीत आहे. ती आता इच्छा राहिली नाही, म्हणून साधं रूप पुरतं.

पत्राचा शेवट ‘स्पेरो दी वेदेर्वी प्रेस्तो’ने करा, लवकर भेटू अशी आशा. इथे आशा करणाऱ्या तुम्ही आणि भेटणाऱ्याही तुम्हीच, तेव्हा ‘के’ नको, ‘दी’ आणि मूळ क्रियापद.