दीड हजार माणसांचा कारभार : टोकेलाऊविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत अजूनही स्वयंशासन न मिळालेले प्रदेश आहेत आणि त्यांत न्यूझीलंडच्या ताब्यातील टोकेलाऊ नावाची चिमुकली बेटे आहेत, असे वाचनात आले. तेथील लोकांनी दोनदा मतदान करून स्वयंशासन नाकारले म्हणतात. स्वराज्याला नको म्हणणारे लोक असू शकतात, हे माझ्या पिढीच्या माणसाला पटत नाही. याचा उलगडा करावा.
— एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘नाकारले’ या शब्दापाशी प्रथम थांबले पाहिजे. फेब्रुवारी 2006मधील सार्वमतात वैध 581 मतांपैकी 349 मते स्वयंशासनाच्या बाजूने पडली, तर ऑक्टोबर 2007मध्ये 692 पैकी 446. म्हणजे दोन्ही वेळा स्पष्ट बहुमत होकाराचेच होते. मात्र एवढा मोठा निर्णय निसटत्या बहुमतावर होऊ नये म्हणून दोन-तृतीयांश मतांची अट घालण्यात आली होती आणि दुसऱ्या खेपेस ती पूर्ण व्हायला अवघी 16 मते कमी पडली. मतदारांपुढील पर्याय पूर्ण स्वातंत्र्याचा नव्हता. प्रशांत महासागरातील कुक बेटे आणि नियुए यांच्याप्रमाणे न्यूझीलंडशी ‘मुक्त सहयोग’ राखून स्वतःचे शासन चालवावे, असा तो प्रस्ताव होता.

आता या लोकांची परिस्थिती पाहू. टोकेलाऊ म्हणजे प्रशांत महासागरातील अटाफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन कंकणद्वीपे, म्हणजे मधल्या उथळ पाण्याभोवती कड्यासारखी पसरलेली प्रवाळबेटे. तिन्हींची मिळून जमीन जेमतेम 10 ते 12 चौरस किलोमीटर, समुद्रसपाटीपासून कमाल उंची सुमारे 5 मीटर आणि लोकसंख्या सुमारे 1,500. सिंहगड रस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून अधिक माणसे राहतात. विमानतळ नाही. सुमारे 500 किलोमीटर दक्षिणेला असलेल्या समोआतील आपिया बंदरातून निघालेले जहाज एका दिवसाहून अधिक काळाने पोहोचते, प्रवाळभिंतीबाहेर थांबते आणि तेथून माणसे व सामान लहान नावांतून किनाऱ्यावर आणावे लागते. प्रत्येक बेटावर छोटे रुग्णालय आहे, परंतु गंभीर आजाऱ्याला याच जलमार्गाने बाहेर न्यावे लागते. अशा ठिकाणी न्यूझीलंडचे नागरिकत्व हा मोठाच आधार ठरतो. तो आधार सुटणार नाही असे आश्वासन मिळूनही काही मतदारांच्या मनातील शंका फिटली नसावी. शिवाय टोकेलाऊ वंशाचे बहुसंख्य लोक आता न्यूझीलंडमध्ये राहतात. 2018च्या जनगणनेत तेथे त्यांची संख्या 8,600हून अधिक भरली. त्यांना या सार्वमतात मत नव्हते, तरी घराघरांत त्यांचा शब्द पोहोचत होताच.

मला मात्र याहून महत्त्वाचे कारण वेगळे वाटते. ब्रिटनने 1889मध्ये या बेटांना संरक्षित प्रदेश केले, 1926पासून न्यूझीलंड त्यांचा कारभार पाहू लागले आणि 1 जानेवारी 1949 रोजी ती न्यूझीलंडचा भाग झाली. परंतु या सर्व काळात गावाचा गाडा ‘ताउपुलेगा’ हाकत राहिली. ही प्रत्येक बेटावरील वडीलधाऱ्यांची आणि कुटुंबप्रमुखांची सभा होय. गावातील सामुदायिक कामे, सेवकवर्ग, शिस्त, सारे तिच्या अखत्यारीत. न्यूझीलंडने नेमलेला प्रशासक बेटांवर राहत नाही आणि 2004मध्ये त्याचे अधिकारही या तीन सभांकडेच सोपवण्यात आले. तिन्ही बेटांचे प्रतिनिधी मिळून ‘जनरल फोनो’ हे विधिमंडळ बनते. त्याला कायदे करण्याचा अधिकार 1996मध्ये मिळाला. प्रत्येक बेट दर तीन वर्षांनी एक ‘फाइपुले’ म्हणजे नेता आणि एक ‘पुलेनुकु’ म्हणजे गावचा प्रमुख निवडते आणि तिघे फाइपुले आळीपाळीने एकेक वर्ष ‘उलु-ओ-टोकेलाऊ’ हे सर्वोच्च पद सांभाळतात. कायमची राजधानी नाही, ती असावी असा आग्रहही नाही, कारण कोणत्याही एका बेटाने इतरांवर वरचढ होऊ नये याची काळजी या व्यवस्थेत सर्वत्र दिसते. ज्यांचा रोजचा कारभार आधीच त्यांच्या हातात आहे, त्यांच्या दृष्टीने कागदावरील दर्जा बदलण्याची निकड कमी असणे मला स्वाभाविक वाटते. आपल्या पिढीने अनुभवलेले पारतंत्र्य आणि ही स्थिती एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करत आहे. शेती नाही, कारखाने नाहीत, पर्यटक जवळजवळ नाहीत, तर टोकेलाऊची अर्थव्यवस्था कशावर चालते?
— एक विद्यार्थिनी, नवी पेठ, पुणे

उत्तर : सरकारी खर्चाचा मोठा हिस्सा न्यूझीलंडच्या मदतीतून येतो आणि चलनही न्यूझीलंडचाच डॉलर आहे. स्वतःच्या उत्पन्नात सर्वांत मोठा वाटा मासेमारी परवान्यांचा. जमीन नगण्य असली तरी तिच्याभोवतीचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्यातील मासळीवर आणि इतर संपत्तीवर त्या प्रदेशाचा हक्क असतो तो समुद्र, सुमारे 3,19,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहून थोडे अधिकच भरते. त्यात ट्यूना पकडणाऱ्या परदेशी नौकांकडून शुल्क घेतले जाते. टपाल तिकिटांचे आणि नाण्यांचे उत्पन्न किरकोळ आहे. अडचणीच्या काळासाठी 2004मध्ये एक आंतरराष्ट्रीय विश्वस्त निधी उभारण्यात आला.

संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी येणारी ‘डॉट टीके’ ही इंटरनेटवरील ओळख टोकेलाऊचीच. एका डच उद्योजकाच्या कंपनीने ती जगाला फुकट वाटली, त्यामुळे नोंदी अफाट वाढल्या आणि भामट्यांनी तिचा सर्रास गैरवापर केला. 2023मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने त्या कंपनीवर दावा लावला आणि नव्या नोंदी थांबल्या. ज्यांच्या नावाने हे घडले त्या बेटवासीयांचा यात काही दोष नव्हता, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

परीक्षेच्या उत्तरात सहसा न येणारी, पण मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ‘इनाती’. गावाने मिळून पकडलेली मासळी एका ठिकाणी आणून, कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार वाटे घालून प्रत्येक घराला दिली जाते. म्हातारी, आजारी किंवा विधवा स्त्री असलेले घरही त्यातून वगळले जात नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत या वाटपाची नोंद होत नाही, त्यामुळे केवळ आकडे पाहणाऱ्याला हे लोक आहेत त्याहून दरिद्री भासतात. पगारी नोकऱ्या आल्यापासून दुकानातील डबाबंद अन्न वाढले आहे, तरी ही प्रथा टिकून आहे.

नारळ, फणसासारखे दिसणारे ब्रेडफ्रूट आणि डुकरे सोडली तर प्रवाळाच्या रेताड जमिनीत फारसे काही होत नाही. पिण्याचे पाणी मुख्यतः पावसाचेच. ऑक्टोबर 2011मध्ये साठा एका आठवड्यापेक्षाही कमी उरल्याने आणीबाणी जाहीर करावी लागली होती. त्यानंतर वर्षभरातच, 2012मध्ये, न्यूझीलंडच्या साहाय्याने तिन्ही बेटांवर मिळून 4,032 सौर पट्ट्या बसल्या आणि तोवर जहाजाने येणाऱ्या डिझेलवर चालणारी वीज जवळजवळ संपूर्णपणे सूर्यावर चालू लागली.

प्रश्न : आपले लक्षद्वीप आणि टोकेलाऊ यांची स्थिती सारखीच म्हणावी का?
— तोच प्रश्न अनेक वाचकांकडून

उत्तर : भूरचना सारखी आहे आणि दोन्हीकडे प्रशासक बाहेरून नेमला जातो, पण साम्य तेथेच संपते. लक्षद्वीपची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 64,473 होती, अगत्ती येथे धावपट्टी आहे आणि तेथील मतदार लोकसभेत स्वतःचा खासदार पाठवतात. टोकेलाऊसाठी न्यूझीलंडच्या संसदेत स्वतंत्र जागा नाही. त्याउलट स्वतःचे कायदे करणारे विधिमंडळ टोकेलाऊकडे आहे, जे लक्षद्वीपकडे नाही.