नाशिकला निघण्याआधी

मुंबई

मित्रा,

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतली नोकरी घ्यावी का, असं विचारलंस. माझं मत स्पष्ट आहे, घे. पण 'तिकडे शांत आहे, स्वस्त आहे' एवढ्यावर जाऊ नकोस. भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, रात्री बाराला परतायचं तरी लोकल आहे. मुंबईत तुझी निम्मी सोय शहरच करतं. नाशिकमध्ये सगळं मिळतं, पण ते आपलं आपण जमवावं लागतं. प्रवासाचे वाचणारे तास खरेच आहेत. पहिल्या दोन महिन्यांत घडी नीट बसली तरच ते तुझ्या हाती राहतील.

सगळ्यात आधी दुचाकी. सिटीलिंकच्या बस आहेत, शेअर रिक्षाही आहेत, पण रात्री दहानंतर त्यांच्या भरवशावर राहू नये. रिक्षात भाडं बसण्याआधी ठरवायचं, मीटरची सवय विसर. तुझ्याकडे अजून परवाना नाही आणि नोटीस पीरियड दोन महिन्यांचा आहे, म्हणून लर्निंग लायसन्सचं काम याच आठवड्यात कर. ते निघाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. ती देऊनच मुंबई सोड. जुनी गाडी घेणार असशील तर आधी ई-चलनाची थकबाकी आणि विम्याची तारीख बघ, आणि गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. गाडी नावावर व्हायची राहिली की पुढची चलनं आधीच्या मालकाला जातात, आणि अपघात झाला तर विम्याचं घोंगडं भिजत पडतं.

घर अंबडच्या बाजूलाच बघ: सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा. स्टेशन जवळ हवं म्हणून नाशिकरोडला राहायचा मोह मुंबईकराला होतोच. पण स्टेशन मूळ शहरापासून आठ-दहा किलोमीटर बाहेर आहे, आणि तुला रोज कारखान्यात जायचंय, गाडी पकडायची नाही. रविवारी घरं बघू नकोस. रस्ते मोकळे असतात आणि अंदाज हमखास चुकतो. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा-साडेसहाला अंबडहून निघून त्या घरापर्यंत स्वतः जाऊन बघ.

घरात शिरलास की बैठकीची खोली नंतर, आधी बाथरूम. नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या भोकांवर पांढरे थर दिसले तर बोअरचं जड पाणी येतंय असं समज. गिझरची कॉइल त्यानेच जाते. महापालिकेचं पाणी किती वेळ येतं आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे मालकाला नाही, वॉचमनला विचार. सगळ्यात वरचा मजला असेल तर शॉवर पूर्ण सोडून बघ. टाकी डोक्यावरच असल्याने तिथे दाब कमी पडतो, आणि दाब कमी असला की गॅस गिझर पेटतच नाही.

गॅस गिझरचं जरा ठासून सांगतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, लोक खिडक्या घट्ट लावून अंघोळ करतात. गिझर बाथरूमच्या आत असेल तर बर्नर त्या कोंडलेल्या खोलीतला ऑक्सिजन वापरतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरतं आणि दाराची कडी काढण्याआधी तो कोसळतो. दर हिवाळ्यात अशी माणसं जातात. गिझर बाहेर गॅलरीत बसवून द्यायला मालक तयार नसेल तर ते घर सोड, बाकी कितीही आवडलेलं असो. विजेचा १५ लिटरचा, दोन किलोवॉटचा गिझर थंडीत वीसेक मिनिटांत पाणी तापवतो, एकट्याला तो भरपूर झाला.

करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा भाडेकराराची, नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेणं घरमालकाचं काम आहे. समज, भाडं १२,००० आणि अनामत ३६,०००. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,००० आणि अनामतीवर दहा टक्के दराने धरलेलं व्याज ३,३००, यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे चारशेच्या पुढे जात नाही. नोंदणी फी १,०००. यापलीकडे एजंट मागेल ती मुख्यतः त्याची मजुरी, ती मालकाने आणि तू निम्मी-निम्मी वाटून घ्या. महावितरणच्या बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक मागून थकबाकी तपास आणि ताबा घेताना मीटरचा फोटो काढून ठेव. आणखी एक बघ, २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. तुझा करार नेमका तेव्हा संपत असेल तर आताच मुदत वाढवून माग. त्या गर्दीत घर शोधायची पाळी येऊ नये.

वीज मुंबईपेक्षा जास्त वेळा जाईल. इन्व्हर्टर लागेलच. त्याची १२ व्होल्टची, १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात हजार-अकराशे धर. पंखा, दोन दिवे, राउटर, लॅपटॉप मिळून दोनशे वॉट झाले, तर पाच तास निघतात. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर तीन-चार महिन्यांनी बघत जा. बऱ्याच बॅटऱ्या कोरड्या पडून मरतात.

आरोग्यविम्याच्या यादीत नाशिकची कोणती हॉस्पिटलं कॅशलेस आहेत, तेवढं तपास.

मला खरी काळजी नोकरीची वाटते. मुंबईत एक गेली तर त्याच लोकल लाइनवर दुसरी सापडते. तिकडे तुझ्या कामाच्या कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि तिथल्याच दुसऱ्या औद्योगिक वसाहतीत, सातपूरमध्ये, काय घडलं ते अंबडला संध्याकाळपर्यंत कळतं. म्हणून सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेव, मुंबईतल्या ओळखी जिवंत ठेव, आणि कुठलीही कंपनी सोडताना भांडून सोडू नकोस. याची दुसरी बाजूही आहे. चांगलं कामही तितक्याच लवकर कानोकान जातं, मुंबईत त्याला वर्षं लागतात.

दर शनिवारी भांडुपला पळू नकोस. पहिले तीन महिने महिन्यातून एकदा ये. आईला वाईट वाटेल, तिला मी समजावतो. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघते. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की वेळापत्रक कोलमडतं, तेव्हा सोमवारच्या कामासाठी रविवारी दुपारीच मुंबईहून निघत जा. गाड्या बंदच पडल्या तर कसारा लोकल आणि तिथून शेअर टॅक्सी, ही वाट माहीत असू दे.

दोन-तीन घरं बघून झाली की कराराचा मसुदा सहीआधी मला पाठव.

तुझा,
काका