युद्धातलं लग्न लिहितेयस, तर आधी तहनामा लिही

तुझी अडचण मी समजले ती अशी: दोन राज्यांत सात वर्षं लढाई, ती थांबावी म्हणून राजकन्या शत्रूच्या राजपुत्राला दिली, बारा प्रकरणं लिहून झाली, आणि वाचणारी मैत्रीण म्हणते की दोघांचं प्रेम पटत नाही. तू दिलेली पहिली तीन प्रकरणं काल रात्री वाचली. गडावरचा पाऊस फार सुंदर उतरलाय. पण "शांततेसाठी सोयरीक ठरली" एवढ्या एका वाक्यात तू तह उरकलास. कोणी काय दिलं, काय द्यायचं टाळलं, हे कुठेच नाही. म्हणून दोघांना एकमेकांशी बोलायला काही उरत नाही.

तू ऐरोलीची, मी ठाण्याची, म्हणून आपल्याच खाडीचं उदाहरण देते. पोर्तुगाल स्पेनशी लढत होता, त्याला इंग्लंडची मदत हवी होती. १६६१च्या तहात राजकन्या कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि सोबत मुंबई आंदण. १६६२मध्ये लग्न लागलं, पण मुंबई हाती यायला १६६५चा फेब्रुवारी उजाडला. इंग्रज म्हणत, आंदणात साष्टी आणि ठाणंही आहे. पोर्तुगीज ते सोडायला तयार नव्हते. ताबा मिळण्याची वाट बघत इंग्रजांचे बहुतेक शिपाई अंजदीव बेटावर आजाराने मेले. पुढेही ठाण्याच्या खाडीतून मुंबईकडे जाणाऱ्या मालावर पोर्तुगीज जकात घेत राहिले. आणि कॅथरीन? तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि नवऱ्याने आपल्या प्रेयसीलाच तिच्या महालात मानकरीण नेमलं. तिच्या लग्नाच्या एका कलमापायी दूर कुठल्या बेटावर माणसं मरत होती. तुझ्या नायिकेला असं एखादं बेट दे.

समज, तिच्या वडिलांनी नदीकाठची गावं दिली आणि एक घाटवाट गुपचूप राखून ठेवली. ती तिला ठाऊक आहे, नवऱ्याला नाही. आता साधं जेवणावरचं बोलणंही तापेल. पुढे त्याला वाट सापडते, आणि भर दरबारात तो गप्प बसतो. ती खिडकीआडून बघतेय. हा तुझा पहिला प्रेमप्रसंग.

दुसरी युक्ती आपल्या इतिहासातली. शिवाजी महाराजांनी शिर्क्यांशी दुहेरी सोयरीक केली: येसूबाई सून म्हणून आणली, आपली राजकुंवर त्यांच्या घरी दिली. तुझ्या राजपुत्राची बहीणही नायिकेच्या माहेरी नांदत असेल तर? इथे हिला कोणी दुखावलं, तर तिथे तिचं काय होईल, हे दोघांनाही कळतं.

पाठराखीण कुठे आहे गं? आपल्याकडे नवरी सासरी एकटी जात नाही. माहेरचा गुप्त खलिता तिच्याच ओटीतून येणार.

आणि नाव घेणं. माझी आजी जन्मभर आजोबांना 'हे' म्हणायची, नाव फक्त उखाण्यात. तेव्हा तिचा आवाज बदलायचा, मला अजून आठवतो. ज्याच्या फौजेने भाऊ मारला त्याचं नाव घे, म्हणून सासरच्या बायका उंबऱ्यावर अडवतील तेव्हा नायिकेला मुकी राहू दे. नाव तिने शेवटाकडे घ्यावं, कोणी मागितलेलं नसताना.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार. नायिका सोळाची आहे, ती एकोणीसची कर. तुझे वाचक चौदा-पंधराचे असतील. लग्न लादलेलं असू दे, कथाच ती आहे. पण तिच्या 'नाही'ने तह मोडणार असेल तर तिच्या 'हो'ला काही अर्थ नाही. वर्षाच्या आत वारस हवा, असं कलम अशा तहात असणारच. ते कलम राजपुत्राने बापाशी भांडून रद्द करून घेतलं पाहिजे, आणि ते तिला त्याच्याकडून नव्हे, पाठराखिणीकडून कळलं पाहिजे. त्यानंतर पहिला स्पर्श, तोही तिच्या बाजूने. मग तुझी मैत्रीण 'पटत नाही' म्हणणार नाही.

चौथं प्रकरण इतक्यात पाठवू नकोस. आधी एका पानाचा तहनामा लिही, कलमांसकट, आणि राजकन्येपासून लपवलेलं कलम कोणतं त्यावर खूण कर. रविवारपर्यंत दिलास तर मी सोमवारी वाचून सांगते.