मूळ प्रोसिडिंग बुक कुणाच्याही हातात देऊ नका : क्लबच्या स्थापनेचं साल शोधताना

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. बेळगावच्या शहापुरातला जुना फुटबॉल क्लब, शील्डवर १९४६, नोंदणीच्या दाखल्यावर १९६२, आणि जुनी मंडळी सांगतात "स्वातंत्र्याच्या आधीचा क्लब आहे की हा". स्मरणिका काढायची आहे, पण साल कुठलं छापायचं हेच ठरत नाही. हे सगळं मी पंधरा वर्षांपूर्वी भोगलंय. पण मला झोप लागली नाही ती तुमच्या शेवटच्या ओळीमुळे : "नूतनीकरणासाठी मूळ प्रोसिडिंग बुक सोमवारी जमा करायला सांगितलंय."

सभांची इतिवृत्तं लिहिलेली ती मूळ वही सोमवारी नेऊ नका. आधी माझं ऐका.

मी अकरा वर्षं आमच्या क्लबचा सेक्रेटरी होतो. आमचं पहिलं प्रोसिडिंग बुक म्हणजे खाकी कापडी बांधणीची, लाल पाठीची फुलस्केप वही. पहिल्या पानावर वर "श्री गजानन प्रसन्न", खाली तिथी, शके आणि अकरा जणांच्या सह्या. दोघांचे अंगठे. मासिक वर्गणी चार आणे. त्याखाली पहिल्या खरेदीची यादी : फुटबॉल १, ब्लॅडर २, पंप १, वादी २. ब्लॅडर म्हणजे चेंडूच्या आतली रबरी पिशवी आणि वादी म्हणजे चेंडूची शिवण आवळायची चामड्याची दोरी. पावसात भिजलेला तो चेंडू हेड केला आणि वादीची गाठ कपाळावर बसली, की दोन दिवस वळ जायचा नाही, असं आमचे जुने गोलकीपर सांगायचे. वहीत पुढे एका सभेचा विषयच होता, "वादी बदलणेबाबत".

२००९ च्या जुलैत ती वही मी एका सरकारी कचेरीत दिली. कुठली ते लिहीत नाही, लिहून आता उपयोगही नाही. काही वर्षांचे हिशेब आणि कार्यकारिणीच्या याद्या भरायच्या राहिल्या होत्या, ती चूक आमचीच. तिथल्या माणसाने सांगितलं, क्लब सुरुवातीपासून चालू आहे हे दाखवायला मूळ वही आणा, बघून परत देतो. बाहेर धो धो पाऊस. मी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली. साडेचार वाजले होते. त्याने ती पिशवीसकट लोखंडी कपाटात ठेवली आणि म्हणाला, "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. मी पोच मागितली नाही. झेरॉक्स काढली नव्हती. आदल्या दिवशी मोबाईलवर पहिल्या पानाचा एक फोटो काढला होता, तोही हललेला, निम्म्या सह्या दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गेलो, साहेब मीटिंगला. त्या आठवड्यात तीनदा गेलो. महिन्याभरात त्या माणसाची बदली झाली. नवीन माणूस म्हणाला, कपाटाची यादी माझ्याकडे आलीच नाही. गेलो की बाकावर बसवायचे, दुपारी जेवणाची सुट्टी, मग "उद्या". मी चौदा खेपा घातल्या, तारखा डायरीत आहेत. एकदा तर समोर कपाट उघडं होतं आणि मला आत बघू दिलं नाही. ज्या पोरांनी चार-चार आणे जमवून क्लब काढला, त्यांच्या हातच्या सह्या माझ्या हातून गेल्या. त्यातले एक आजोबा तेव्हा हयात होते. त्यांना हे सांगायला मी सहा महिने गेलो नाही. गेलो तेव्हा ते इतकंच म्हणाले, "माझा अंगठा होता त्यात."

मग माहिती अधिकारात अर्ज केला. इथे तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. पहिला अर्ज मी मराठीत केला, तो परत आला. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच लिहिलंय, म्हणजे आपल्याकडे कन्नड. वाटायचं ते वाटू दे, पण अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये करा, नाहीतर महिना फुकट जातो. दुसरा अर्ज मी पानभर लिहिला, वहीबद्दल, बदलीबद्दल, कपाटाबद्दल. तोही फेटाळला, कारण कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. तिसऱ्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर आलं, "सदर दस्तऐवज आढळून येत नाही". अपिलात मला एकच प्रश्न विचारला : दिल्याचा पुरावा काय? पुरावा नव्हता. विषय संपला.

म्हणून सांगतो. सोमवारी जायचंच असेल तर सगळ्या पानांचे, कोऱ्या पानांचे आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचेही स्कॅन करून, अध्यक्ष-सेक्रेटरींच्या सहीने साक्षांकित केलेल्या नकला न्या. मूळ वही दाखवायची असली तर दोघांनी जा, समोर उघडून दाखवा आणि परत घेऊन या. ठेवून घ्यायचीच म्हणाले तर लेखी मागणी मागा आणि शिक्क्याची पोच घ्या, पानांच्या संख्येसकट. पोच देणार नसतील तर वही देऊ नका. काम महिनाभर अडलं तरी चालेल. मी वकील नाही, नियम बदललेही असतील, एखाद्या जाणत्या वकिलाला विचारून घ्या. पण पोचेच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही.

एक न्यायाचंही सांगितलं पाहिजे. आम्हाला शेवटी वाट दाखवली ती दुसऱ्या एका कार्यालयातल्या कन्नडभाषक क्लार्कनेच. स्वतः उठून जुनं रजिस्टर काढलं, नोंद वाचून दाखवली, माझ्यासाठी अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला. त्यामुळे याला भाषेचा वाद करू नका. माणूस कसा भेटतो यावर सगळं आहे.

आता तुमच्या सालाकडे येतो. दाखल्यावरचं १९६२ हे नोंदणीचं साल आहे, स्थापनेचं नव्हे. कर्नाटकाचा संस्था नोंदणी कायदा १९६० चा. आपल्याकडचे कितीतरी क्लब आणि मंडळं आधी वर्षानुवर्षं नुसत्या वर्गणीवर चालली, नोंदणी मागाहून झाली. शील्डवरच्या १९४६ वरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. "कै. अमुक यांचे स्मरणार्थ" असं असेल तर ते साल त्यांच्या निधनाचं असू शकतं. आमच्या एका कपावर नेमकं तसंच निघालं. कोरीव अक्षरं झिजली असतील तर पॉलिश अजिबात करू नका. अंधारात टॉर्च बाजूने आडवा धरा, अक्षरं उठून दिसतात. पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी फिरवली तरी छाप मिळतो.

खरं साल मिळतं ते पावत्यांत आणि लेटरहेडवर. आमची वही गेली, पण खजिनदारांच्या घरी माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात पावतीपुस्तकं निघाली. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले. ज्या पावतीवर रुपये-आणे-पै असे तीन रकाने छापलेत ते पुस्तक त्याआधी छापलेलं. "न.पै." असेल तर ते १९५७ नंतरचं. एक सावधगिरी म्हणजे जुनी पुस्तकं संपेपर्यंत वापरायचे, तेव्हा छपाई आणि हाताने लिहिलेली तारीख दोन्ही बघा. लेटरहेडवर मुंबई इलाखा किंवा मुंबई राज्य असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं, म्हैसूर राज्य असेल तर १९५६ ते १९७३ मधलं. पिनकोड १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झाला. एवढ्या खुणांवर निम्मे कागद ओळीने लागतात.

तिथी आणि शके लिहिलं असेल तर शकात ७८ मिळवा, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९. आमच्याकडे माघातली एक सभा यामुळेच एक वर्ष मागे गेली होती. हिशेबाची वही मोडीत असेल तर अंदाजाने वाचू नका, जाणकाराला दाखवा.

तुमचा क्लब शहापुरातला, म्हणून एक खास गोष्ट. शहापूर ८ मार्च १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. आज एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जावं तसं आपण बेळगावातून शहापुरात जातो, पण तेव्हा तिकडे ब्रिटिश जिल्हा आणि इकडे संस्थान. क्लब खरंच १९४६ चा असेल, मैदानाची परवानगी किंवा संस्थानची देणगी घेतली असेल, तर तो कागद बेळगाव जिल्ह्याच्या दप्तरात सापडणार नाही. शोध सांगली संस्थानच्या नावाने घ्यावा लागेल. बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या संघांचं तिसरंच, तिथला कारभार कँटोन्मेंट बोर्डाचा. आणि १९५६ पर्यंत चंदगड तालुकाही बेळगाव जिल्ह्यात होता, तो पुनर्रचनेत मुंबई राज्याकडे गेला. आमचे दोन सुरुवातीचे खेळाडू तिकडचे, त्यांच्या घरचे फोटो मिळाले ते चंदगडला जाऊनच. आपला इतिहास असा चार दप्तरांत वाटला गेलाय, आणि म्हणून वाईट वाटतं की घरातली एकमेव वही आपणच घालवावी.

वर्तमानपत्रही बघा. बाबूराव ठाकुरांनी "तरुण भारत" १९१९ मध्ये बेळगावात सुरू केला. जुन्या अंकांत सामन्यांच्या बातम्या दोन-तीन ओळींच्या असतात, मथळा नसतो, बाजारभावांशेजारीही सापडतात. पावसाळ्याच्या महिन्यांपासून सुरू करा, घाई करू नका.

जुन्या मंडळींचं बोलणं रेकॉर्ड करा, पण ताडून बघा. आमचे एक मामा छातीठोकपणे सांगायचे की १९५८ मध्ये आपण मडगावला जाऊन सामना जिंकला. पण १९५५ पासून गोव्याची हद्द बंद होती, हद्दीजवळच्या कॅसलरॉकवरून आगगाडी जात नव्हती. गोवा मुक्त झालं १९ डिसेंबर १९६१ ला. मामा खोटं बोलत नव्हते. सामना झाला होता, पण १९६३ ला, आणि पावतीपुस्तकात टेम्पोचं भाडं सापडलं. म्हाताऱ्या माणसांना "कुठल्या साली" विचारू नका. "तेव्हा बूट होते की अनवाणी?", "तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?" असं विचारा. सन त्यातून निघतो.

फोटोंना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

तुम्ही टाकलेल्या संघाच्या फोटोत पुढच्या रांगेत बसलेल्या मुलाच्या पायाशी चेंडू आहे आणि त्यावर चुन्याने काहीतरी लिहिलंय. तेव्हा फोटोसाठी चेंडूवर मोसमाचं साल लिहायचे. मला मोबाईलवर "४७-४८" वाटतंय, पण आकडे वादीच्या शिवणीवर आलेत, "४८-४९" सुद्धा असू शकेल. तेवढा भाग मोठा स्कॅन करून टाका. आणि सोमवारी काय झालं ते कळवा.