एका खोलीतला स्कॉटिश संसार

प्रश्न : व्हिक्टोरिया राणीच्या काळातले ब्रिटन म्हटले की वाडे, बग्ग्या आणि नोकरचाकरच डोळ्यांपुढे येतात. माझे आजोबा इथल्या कापड गिरणीत कामाला होते आणि एका खोलीत आठ माणसांचा संसार चालत असे. त्या काळी स्कॉटलंडमधील कामगार कुटुंबे कशी राहत असत? त्यांच्यात कमावता पुरुष एकटाच असे का?
— एक वाचिका, परदेशीपुरा, इंदूर

उत्तर : आपल्या आजोबांची खोली ग्लासगोच्या कामगाराला मुळीच अनोळखी वाटली नसती. १८६१ च्या जनगणनेनुसार स्कॉटलंडमधील सुमारे एक तृतीयांश घरे एकाच खोलीची होती. तीन-चार मजली दगडी इमारतीतल्या अशा खोलीला ‘सिंगल एंड’ म्हणत. भिंतीतल्या खोबणीत आईवडिलांचा पलंग असे, रात्री त्याच्याखालून चाकांचा दुसरा बुटका पलंग ओढून मुलांना निजवत, आणि कोळशाच्या एकाच शेगडीवर ओटची लापशी, बटाटे किंवा बार्लीचे सूप शिजत असे. १८५९ मध्ये लॉक कॅट्रिन सरोवराचे पाणी ग्लासगोत आले, ही मोठीच सोय झाली. शौचालय मात्र बहुधा मागच्या आवारात आणि सामायिक असे.

दाटी कमी करण्यासाठी ग्लासगोच्या नगरपालिकेने योजलेला उपाय मात्र विलक्षण होता. १८६२ च्या कायद्यानुसार २,००० घनफुटांपेक्षा लहान घरांच्या दारावर पत्र्याचा बिल्ला ठोकून, आत किती माणसे झोपू शकतात हे त्यावर नोंदवले जाई. हिशेब माणशी ३०० घनफुटांचा होता आणि आठ वर्षांखालील दोन मुले मिळून एक प्रौढ धरत. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि ८ फूट उंच खोली घेतली, तर ९६० घनफुटांत तीन प्रौढच बसतात. म्हणजे नवराबायको आणि दोन लहान मुले झाली की घर भरले, आणि तिसरे मूल जन्माला येताच कायदा मोडला! त्यातच भाडे भागवण्यासाठी अनेक कुटुंबे एखादा भाडोत्री ठेवत असत. निरीक्षक मध्यरात्री दार ठोठावून झडती घेत, तेव्हा जादा माणसे कपाटात, पलंगाखाली, अगदी छपरावरही लपत. मोठी खोली घ्यायला पैसा नव्हता आणि कामापासून लांब राहणे परवडत नव्हते, त्यामुळे माणसे मोजून दाटी कमी होणार नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे.

कमाईबद्दल म्हणाल, तर एकट्या पुरुषाच्या मजुरीवर फार थोड्या घरांचे भागत असे. याचे ठळक उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधलेच डंडी शहर. बंगालचा ताग तिथे जाई, व्हेल माशाच्या तेलाने मऊ केला जाई आणि त्याचे सूत व कापड होई. या गिरण्यांत बायकांची संख्या मोठी होती, कारण त्यांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी द्यावी लागे. मुलगे अठराच्या सुमारास प्रौढांच्या मजुरीला पात्र झाले की त्यांतल्या अनेकांना काढून टाकत. त्यामुळे बायको गिरणीत आणि बेकार नवरा चुलीपाशी, अशी घरे तिथे पुष्कळ होती, आणि अशा नवऱ्यांना गावात ‘केटल बॉयलर’, म्हणजे चहाचे आधण ठेवणारे, म्हणून चिडवत.

मुलांची कमाईही हिशेबात धरलेली असे. १८७२ च्या कायद्याने ५ ते १३ वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले, तरी डंडीत अर्धा वेळ गिरणी आणि अर्धा वेळ शाळा करणारी मुले पुढेही बरीच वर्षे होती.